आधी दोन्ही टोकं, मग कात्री: ट्रान्सपोझॉन बिऱ्हाड कसं हलवतो

‘उड्या मारणारी जनुकं’ हा ट्रान्सपोझॉनसाठीचा, म्हणजे जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यासाठीचा, शब्दप्रयोग मराठीत चांगलाच रुळला आहे. ऐकायला गंमत वाटते, पण त्यानं घोटाळाच जास्त होतो. उडी म्हटलं की वाटतं, डीएनएचा तुकडा लहर आली की जागेवरून सुटतो, पेशीत तरंगतो आणि जाऊन पडतो कुठंतरी. जिवाणूंत घडतं ते जवळपास याच्या उलट. तुकडा सुटण्याआधीच त्याची दोन्ही टोकं एका एन्झाइमच्या मुठीत असतात. कापण्याची प्रत्येक पायरी आधीची पायरी झाल्याशिवाय सुरू होत नाही. आणि हा सगळा प्रकार सहसा घडूच नये, असा बंदोबस्त तुकड्यानं स्वतःच करून ठेवलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की ट्रान्सपोझॉन समजून घ्यायचा तर इंजिनाइतकेच त्याचे ब्रेक बघावेत. प्रयोगशाळेत त्याला कामाला लावायच्या निम्म्या युक्त्या म्हणजे हे ब्रेक काढून घेण्याच्याच युक्त्या आहेत.

इतिहास थोडक्यात उरकतो. मक्यात बार्बरा मॅक्लिंटॉकनी १९४०च्या दशकात असे घटक दाखवले, नोबेल मिळालं १९८३ साली. जिवाणूंमधली गोष्ट वेगळ्या वाटेनं उलगडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इ. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या गॅलॅक्टोज ही साखर पचवणाऱ्या जनुकांत काही विचित्र उत्परिवर्तनं सापडत होती. एक जनुक बिघडलं की त्याच ओळीतली पुढची जनुकंही गप्प व्हायची, आणि एखादं अक्षर बदलणारी रसायनं वापरून हा बिघाड दुरुस्त होत नव्हता. कोलोनमध्ये पीटर स्टार्लिंगर आणि हाइन्ट्स सेडलर, आणि स्वतंत्रपणे जेम्स शापिरो, यांनी हे बिघडलेलं जनुक वाहून नेणारे लॅम्डा फाज (जिवाणूंना लागण करणारे विषाणू) सीझियम क्लोराइडच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज केले. ते नेहमीच्या फाजपेक्षा खाली बसले. प्रथिनाचं कवच तेवढंच, पण आत डीएनए जास्त, म्हणून घनता जास्त. म्हणजे जनुकातलं एखादं अक्षर बदललेलं नव्हतं, मध्ये अख्खा तुकडा घुसला होता. अशा तुकड्यांना इन्सर्शन सीक्वेन्स, म्हणजे आयएस, हे नाव पडलं. ‘ट्रान्सपोझॉन’ हा शब्द १९७४ साली हेजेस आणि जेकब यांनी वापरला, एका प्लाझ्मिडवरून (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) दुसऱ्यावर जाणाऱ्या ॲम्पिसिलिन-रोधक तुकड्यासाठी.

आयएसचा संसार अगदी लहान. आयएस१ फक्त ७६८ बेसजोड्यांचा (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या दोन साखळ्यांवरची समोरासमोरची दोन अक्षरं), आयएस१० सुमारे १,३०० चा, आयएस५० सुमारे १,५०० चा. आत ट्रान्सपोझेस या एन्झाइमचं जनुक आणि दोन्ही कडांना एकमेकांकडे तोंड करून बसलेले, जवळपास सारखे छोटे क्रम. बस. असे दोन आयएस जवळजवळ बसले आणि त्यांच्या मधलं सामान घेऊन एकत्र हलायला लागले की संयुक्त ट्रान्सपोझॉन तयार होतो. टीएन५ (टीएन म्हणजे ट्रान्सपोझॉन) हा सुमारे ५,८०० बेसजोड्यांचा. दोन बाजूंना आयएस५० आणि मध्ये कॅनामायसिन, ब्लिओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांना दाद न देणारी जनुकं. टीएन१० सुमारे ९,१०० चा, त्याच्या पोटात टेट्रासायक्लिनविरोधी जनुकं.

टीएन५मध्ये एक मला फार आवडणारा तपशील आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या आयएस५०मध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. त्या एका बदलानं डाव्या प्रतीतल्या ट्रान्सपोझेसच्या जनुकात अवेळी पूर्णविराम आला, म्हणून डावं एन्झाइम निकामी. पण त्याच बदलानं तिथं कॅनामायसिनच्या जनुकासाठी चांगला प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा क्रम, तयार झाला. एका बाजूचं एन्झाइम गमावून जिवाणूला औषधापासून संरक्षण मिळालं, आणि जिवाणू वाचला की टीएन५ही वाचतो.

आता प्रत्यक्ष हालचाल. टीएन५ घेतो, कारण त्याच्या एन्झाइमची दोन्ही टोकं धरलेल्या अवस्थेतली स्फटिक रचना २०००पासून उपलब्ध आहे, आणि त्यात अंदाजाला फारशी जागा उरत नाही.

ट्रान्सपोझेसचा एकेक रेणू टीएन५च्या एकेका टोकाला बसतो. ओळखायचा क्रम १९ बेसजोड्यांचा. मग हे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि मधला डीएनए वळसा घेऊन बाहेर लोंबतो. खरी मेख इथं आहे. डाव्या टोकाला बसलेला रेणू उजवं टोक कापतो आणि उजवीकडचा डावं. एकट्यादुकट्या रेणूला आपलं स्वतःचं टोक कापताच येत नाही. दोन्ही टोकं हातात आल्याशिवाय कात्री चालायची नाही, हा नियम एन्झाइमच्या रचनेतच कोरलेला आहे. नाहीतर एक टोक कापलं आणि दुसरं सापडलंच नाही, अशा अवस्थेत गुणसूत्र तुटून पेशी मेली असती, आणि तिच्याबरोबर ट्रान्सपोझॉनही.

कात्रीचं पातं म्हणजे तीन अमिनो आम्लं: ९७ आणि १८८ क्रमांकाची ॲस्पार्टेट आणि ३२६ क्रमांकाचं ग्लुटामेट. ती मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवतात. पहिला घाव पाण्याच्या रेणूचा: टोकाशी एक साखळी तुटते आणि ट्रान्सपोझॉनच्या बाजूला ३-प्राइम हायड्रॉक्सिल, म्हणजे साखळीच्या एका टोकाचा रासायनिक गट, मोकळा होतो. हा मोकळा हायड्रॉक्सिल समोरच्या साखळीवर हल्ला करतो. त्यानं ट्रान्सपोझॉनचं टोक केसात लावायच्या आकड्यासारखं दुमडतं आणि शेजारचा जुना डीएनए सुटतो. मग पाण्याचा आणखी एक रेणू तो आकडा उघडतो. आता तुकडा पूर्ण मोकळा, पण दोन्ही टोकं अजून एन्झाइमच्या मुठीतच. नवी जागा सापडली की दोन्ही ३-प्राइम हायड्रॉक्सिल तिथल्या दोन साखळ्यांवर एकेक घाव घालतात आणि त्याच क्षणी जोडलेही जातात. जोडणीच्या या पायरीला एटीपी लागत नाही. एक बंध तुटतो तेव्हाच दुसरा तयार होतो, ऊर्जा जिथल्या तिथं फिरते.

नव्या जागेवरचे दोन घाव समोरासमोर पडत नाहीत, ते ९ अक्षरं सरकून पडतात. त्यामुळे तुकडा बसल्यावर दोन्ही बाजूंना ९ अक्षरांची एकेरी फट राहते. ती पेशीचा स्वतःचा पॉलिमरेज भरतो आणि लायगेज शिवतो. फट दोन्हीकडे एकाच मूळ क्रमावरून भरली जाते, म्हणून ट्रान्सपोझॉनच्या अलीकडे आणि पलीकडे तीच ९ अक्षरं, त्याच दिशेनं, दोनदा दिसतात. ही त्याच्या आगमनाची पावती. तिची लांबी कुळाप्रमाणे बदलते: टीएन५ आणि टीएन१०ची ९, आयएस२६ची ८, टीएन३, टीएन७ आणि म्यू फाजची ५. 

तुकडा खरंच जुन्या जागेवरून उठून जातो, की तिथं राहून नवी प्रत पाठवतो? याचं उत्तर १९८६ साली बेंडर आणि नॅन्सी क्लेक्नर यांनी टीएन१०वर दिलं, आणि तो प्रयोग इतका नेटका आहे की शिकवताना मी यंत्रांच्या चित्रांआधी तोच घेईन. त्यांनी असा टीएन१० बनवला की त्याच्या पोटातल्या, कॉलनीला (एका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्याला) निळा रंग देणाऱ्या लॅकझेड जनुकाच्या दोन साखळ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या: एक साखळी चालू जनुकाची, दुसरी बिघडलेल्या जनुकाची. तो लॅम्डा फाजवर बसवून पेशीत सोडला. जर फक्त प्रत काढून पाठवली जात असेल, तर नव्या जागी एकाच साखळीची नक्कल पोचेल आणि कॉलनी पूर्ण निळी किंवा पूर्ण पांढरी येईल. जर दोन्ही साखळ्यांसकट तुकडा उचलला जात असेल, तर पेशी पहिल्यांदा दुभंगताना एका लेकीकडे निळी बाजू आणि दुसरीकडे पांढरी जाईल. प्लेटवर अर्ध्या निळ्या, अर्ध्या पांढऱ्या कॉलनी भरपूर आल्या. म्हणजे बिऱ्हाड पाठीवर.

मग मागे राहिलेल्या भगदाडाचं काय? गुणसूत्र तुटलेलं असतं. नुकतीच प्रत काढून झाली असेल तर शेजारी दुसरं जुळं गुणसूत्र असतं, त्यावरून पेशी तूट भरून काढते, आणि त्या भरण्यात ट्रान्सपोझॉनही परत येतो. प्रत काढलेली नसेल तर ते गुणसूत्र गेलं. म्हणून हलायचं तर प्रत निघाल्यावर लगेच, यातच ट्रान्सपोझॉनचं हित.

टीएन१०नं ही वेळ साधली आहे ती मेथिल गटाच्या जोरावर. इ. कोलायमध्ये डॅम नावाचं एन्झाइम जीएटीसी या क्रमातल्या ए अक्षराला मेथिल लावतं. गुणसूत्राची प्रत निघाली की नव्या साखळीला काही काळ मेथिल नसतो. आयएस१०मध्ये असा एक क्रम ट्रान्सपोझेसच्या प्रमोटरात आहे आणि दुसरा आतल्या टोकाशी. दोन्ही साखळ्यांना मेथिल असेल तर प्रमोटर मंद आणि टोक बोथट. प्रत निघाल्यावरच्या त्या थोड्या वेळात प्रमोटरही जागा होतो आणि टोकही धरता येतं. त्यातही गंमत अशी, की दोन जुळ्या प्रतींपैकी एकच पुरती तापते, दुसरी शांत राहते. एक हलली तरी दुसरी दुरुस्तीसाठी शाबूत.

दुसरा ब्रेक आरएनएचा. आयएस१०मधून उलट दिशेनं सुमारे ७० अक्षरांचा एक टिकाऊ आरएनए निघतो. तो ट्रान्सपोझेसच्या निरोप्या आरएनएच्या सुरुवातीला जोडी जमवून चिकटतो आणि प्रथिन बनवणाऱ्या रायबोझोमला जागाच मिळत नाही. पेशीत आयएस१०च्या प्रती वाढल्या की हा रोखणारा आरएनएही वाढतो, म्हणजे गर्दी झाली की आपोआप आवर. टीएन५चा मार्ग वेगळा. त्याच्या त्याच जनुकातून पहिली ५५ अमिनो आम्लं नसलेलं आखूड प्रथिन निघतं. त्याला डीएनए धरता येत नाही, पण पूर्ण ट्रान्सपोझेसशी जोडी मात्र जमवता येते. अशी जोडी म्हणजे एक हात नसलेला जोडीदार, काम ठप्प.

तिसरा ब्रेक समजायला जरा अवघड, पण प्रयोगात सगळ्यात उपयोगी. टीएन५चा ट्रान्सपोझेस ज्या डीएनएवरून तयार झाला त्याच्यावरच चांगलं काम करतो, लांबच्या प्रतीवर फारसं नाही. याचं कारण असं मानलं जातं, की प्रथिनाचं मागचं टोक पुढच्या टोकाच्या आड येतं. पुढचं टोक रायबोझोममधून बाहेर पडलं आणि मागचं अजून बनायचं आहे, तेवढ्या वेळातच डीएनए नीट धरता येतो, आणि त्या वेळी जवळ असतो तो आपलाच डीएनए. विस्कॉन्सिनमध्ये विल्यम रेझ्निकॉफ यांच्या गटानं टीएन५चे ब्रेक एकेक अमिनो आम्ल बदलून काढले. ५४ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन म्हणजे टोकाची पकड घट्ट. ३७२ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन म्हणजे मागचं टोक आड येत नाही. ५६ व्या जागी मेथिओनिनऐवजी ॲलानिन म्हणजे आखूड प्रथिन निघतच नाही. आज डीएनए सीक्वेन्सिंगसाठी तुकडे करून एकाच वेळी ॲडॉप्टर (ओळखीचे छोटे क्रम) चिकटवणारं जे किट जगभर वापरलं जातं, त्याच्या नळीत हाच सुधारलेला टीएन५ ट्रान्सपोझेस असतो.

टीएन३ आणि पेशीत वाढत असलेला म्यू फाज मात्र बिऱ्हाड हलवत नाहीत, दुसरं घर थाटतात. तिथं प्रत्येक टोकाची एकच साखळी कापली जाते, दुसरी जुन्या जागेला जोडलेलीच राहते. मोकळी टोकं नव्या जागेला शिवली की जुनं आणि नवं ठिकाण ट्रान्सपोझॉननं एकमेकांना बांधलं जातं, आणि मग पेशीची यंत्रणा संपूर्ण ट्रान्सपोझॉनची प्रत काढते. परिणाम म्हणजे दोन प्लाझ्मिडं एकात एक, प्रत्येक सांध्यावर ट्रान्सपोझॉनची एकेक प्रत. टीएन३कडे रिझॉल्व्हेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं, ते दोन प्रतींमधल्या ठरावीक जागेवर अदलाबदल करून प्लाझ्मिडं वेगळी करतं. त्याचं जनुक बिघडलं तर जोडप्लाझ्मिडं साठत जातात. जेलवर, म्हणजे डीएनए आकारानुसार वेगळा करायच्या थरावर, प्लाझ्मिड अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठं दिसलं की हे आठवावं.

एक गोष्ट नेहमी गफलतीनं सांगितली जाते. साधा ट्रान्सपोझॉन स्वतः एका जिवाणूतून दुसऱ्यात जात नाही. तो प्रवासी, प्लाझ्मिड ही एसटी. गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर चढणं एवढंच त्याचं काम, पुढचा प्रवास गाडीचा.

आता हे वापरायचं कसं. उद्देश असा: जिवाणूच्या जनुकांत जागोजागी तुकडा घुसवून ती बिघडवायची आणि कुठलं जनुक काय करतं ते बघायचं. त्यासाठी तुकडा वाहणारं प्लाझ्मिड एका जिवाणूतून (दाता) दुसऱ्यात (ग्राहक) मीलनानं, म्हणजे दोन जिवाणू चिकटून डीएनए देतात त्या मार्गानं, पोचवायचं. उदाहरण सूडोमोनास प्युटिडा केटी२४४० या मातीतल्या जिवाणूचं देतो, कारण त्यात निवडीची एक सोपी सोय आहे.

लागणारं प्लाझ्मिड असं हवं: आर६के मूळ (प्रत जिथून सुरू होते ती जागा) असलेलं, म्हणजे पिर जनुकाचं प्रथिन नसलेल्या पेशीत त्याची प्रत निघत नाही. त्यावर मिनी-टीएन५, म्हणजे १९ अक्षरांच्या दोन टोकांमध्ये फक्त कॅनामायसिनचं जनुक. ट्रान्सपोझेसचं जनुक त्याच प्लाझ्मिडवर, पण दोन टोकांच्या बाहेर. तिसऱ्या ब्रेकचा उपयोग इथं. एन्झाइम जवळच तयार होतं म्हणून काम करतं, आणि तुकडा गुणसूत्रात बसल्यावर प्लाझ्मिड नष्ट झालं की एन्झाइमही संपतं. मग घातलेला तुकडा पुन्हा हलत नाही. ट्रान्सपोझेस आत ठेवलेला असेल तर तुमच्या म्यूटंटमधला (जनुक बिघडलेल्या जिवाणूतला) तुकडा फ्रीझरमधून काढल्यावर त्याच जागी असेल याची खात्री नाही.

दाता इ. कोलाय एलबी (पोषक द्रावण) आणि ५० मायक्रोग्रॅम प्रतिमिली कॅनामायसिनमध्ये ३७ अंशांवर, ग्राहक सूडोमोनास नुसत्या एलबीत ३० अंशांवर, रात्रभर वाढवा. दोन्ही कल्चर १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटनं दोनदा धुवा. दात्याबरोबर आलेलं कॅनामायसिन राहिलं तर ग्राहक मीलनाआधीच मरतो, आणि लोक दोष प्लाझ्मिडला देतात. दोन्हींची ओडी (गढूळपणाचं माप) ६०० नॅनोमीटरला १ करून प्रत्येकी १ मिली मिसळा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर ओढा, आणि तो फिल्टर जिवाणूंची बाजू वर ठेवून औषध नसलेल्या एलबी अगारवर ठेवा. ३० अंश, ५ तास. मग फिल्टर ५ मिली मॅग्नेशियम सल्फेटमध्ये टाकून व्होर्टेक्स करा आणि मूळ, दहापट आणि शंभरपट पातळ केलेलं प्रत्येकी १०० मायक्रोलिटर एम९ सिट्रेट अगारवर (क्षार आणि अन्न म्हणून फक्त सिट्रेट असलेल्या प्लेटवर) पसरा. सिट्रेट ०.२ टक्के, कॅनामायसिन ५०. इ. कोलायला हवेत वाढताना सिट्रेट आत घेता येत नाही, म्हणून दाता उपाशी राहतो. त्याला मारायला वेगळं औषध लागत नाही. ही ती सोय. कॉलनी दिसायला दोन दिवस धरा.

एम९ बनवताना मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वेगळे ऑटोक्लेव्ह करून शेवटी घाला. फॉस्फेटबरोबर एकत्र तापवले की पांढरा गाळ बसतो, आणि मग वाढ का होत नाही म्हणून दोन दिवस फुकट जातात.

सोबत तीन नियंत्रणं हवीतच: एकटा दाता, एकटा ग्राहक, आणि मिश्रणाची कॅनामायसिन नसलेल्या सिट्रेट प्लेटवरची मोजणी. पहिल्या दोन प्लेट रिकाम्या आल्या तरच बाकीच्या कॉलनींना अर्थ. तिसरीवरून वारंवारता कळते: कॅनामायसिनवरच्या कॉलनी भागिले एकूण ग्राहक.

किती कॉलनी हव्यात? केटी२४४०चं जीनोम सुमारे ६२ लाख बेसजोड्यांचं. हजार बेसजोड्यांच्या एखाद्या जनुकात किमान एकदा तुकडा बसण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल तर सुमारे १८,६०० स्वतंत्र कॉलनी लागतात, ९९ टक्क्यांसाठी सुमारे २८,५००. लहान जनुकांना याहून जास्त. भर ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे. मीलन ५ तासांऐवजी रात्रभर चालू ठेवलं की कॉलनी पाचपट दिसतात आणि खूश व्हायला होतं, पण त्या बऱ्याचशा एकाच म्यूटंटच्या बहिणी असतात. गोळा केलेली लायब्ररी, म्हणजे सगळ्या म्यूटंटचा साठा, १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये अनेक छोट्या नळ्यांत उणे ८० वर ठेवा आणि एक नळी एकदाच वितळवा. वितळवून पुन्हा वाढवून पुन्हा गोठवली की जलद वाढणारे म्यूटंट बाकीच्यांना खाऊन टाकतात.

चुका कुठं होतात ते महत्त्वाचं. पहिली म्हणजे तुकड्याऐवजी सगळं प्लाझ्मिडच गुणसूत्रात शिरणं. प्लाझ्मिडच्या अंगावर ॲम्पिसिलिनचं जनुक असतं, म्हणून अनेक जण कॉलनी ॲम्पिसिलिनवर उमटवून बघतात. सूडोमोनास मुळातच ॲम्पिसिलिन बऱ्यापैकी सहन करतो, तेव्हा नेहमीच्या १०० मायक्रोग्रॅमवर ही चाचणी काहीच सांगत नाही. दहा-वीस कॉलनी घेऊन प्लाझ्मिडच्या अंगावरच्या प्रायमरनी (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांनी) पीसीआर करा, जेलवर पट्टा आला नाही तर ठीक.

दुसरी चूक दात्याच्या निवडीत. एसएम१० सारख्या जुन्या लोकप्रिय दात्यांच्या गुणसूत्रात मीलनाची जनुकं बसवताना म्यू फाजही आत राहिला आहे. म्यू म्हणजे स्वतःच एक ट्रान्सपोझॉन. ग्राहक इ. कोलाय असेल तर हा म्यू मीलनाबरोबर जाऊन ग्राहकाच्या जनुकांत बसतो. म्हणजे तुम्ही शोधता मिनी-टीएन५नं बिघडलेलं जनुक, आणि गुण बदललेला असतो शेजारी गुपचूप बसलेल्या म्यूमुळे. यासाठी २०१० साली म्यू काढून टाकलेला एमएफडीपिर हा दाता तयार झाला. त्याला वाढायला ०.३ मिलिमोलर डायअमिनोपिमेलिक आम्ल द्यावं लागतं. ते न घातलेल्या प्लेटवर तो वाढत नाही, म्हणून त्याला वगळायचं कामही आपोआप होतं.

तिसरी चूक निष्कर्षाची. तुकडा ‘अ’ जनुकात बसला, पण त्याच ऑपेरॉनमधलं (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या ओळीतलं) पुढचं ‘ब’ जनुक गप्प झालं, आणि दिसलेला परिणाम ‘ब’चा. गॅलॅक्टोजच्या त्या जुन्या उत्परिवर्तनांत हेच दिसलं होतं. ‘अ’ची चांगली प्रत परत घालून गुण पूर्ववत होतो का, हे बघितल्याशिवाय बोलू नये. ती प्रत घालायला टीएन७ उत्तम. त्याचा निवडीचा प्रथिनसंच ग्लमएस या जनुकाचा शेवट ओळखतो आणि तुकडा त्याच्या पलीकडे सुमारे २५ बेसजोड्यांवर, ठरलेल्या दिशेनंच बसवतो. तिथं कुठलंही जनुक मोडत नाही.

तुकडा कुठं बसला हे शोधायला आर्बिट्ररी पीसीआर पुरेसा. पहिल्या फेरीत एक प्रायमर ट्रान्सपोझॉनमधला, दुसरा मधली अक्षरं मोकळी सोडलेला. ३० अंशांवर ६ आवर्तनं, मग ४५ वर ३०. दुसऱ्या फेरीत टोकाच्या जरा जवळचा प्रायमर. सँगर वाचनात १९ अक्षरांचं टोक संपलं की पुढचं अक्षर जीनोमचं. तिथून पुढं जीनोमऐवजी प्लाझ्मिडचाच क्रम चालू राहिला तर पहिली चूक झालेली आहे. आणि अनेक कॉलनींत नेमकी तीच जागा आली तर त्या बहिणी आहेत. टीएन५ तसा बेफिकीर, पण साधा टीएन१० लायब्ररीला घेऊ नये. त्याला आवडणाऱ्या ठरावीक जागा आहेत आणि तो पुन्हा पुन्हा तिथंच बसतो.

हीच नजर रुग्णालयातल्या नमुन्यांना लावता येते. क्लेबसिएला न्युमोनिए या जिवाणूमध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक चालेनासं होण्यामागे बऱ्याचदा एमजीआरबी हे चिमुकलं जनुक असतं. त्याचं प्रथिन फक्त ४७ अमिनो आम्लांचं, काम फॉपी-फॉक्यू या यंत्रणेला लगाम घालायचं. त्यात एखादा आयएस घुसला की लगाम सुटतो, बाहेरच्या पटलातल्या लिपिड-एवर धनभारित गट चढतात आणि कोलिस्टिनला चिकटायला जागा राहत नाही. जनुकाच्या बाहेरचे प्रायमर घेऊन पीसीआर केला तर पट्टा अपेक्षेपेक्षा बहुधा हजार-बाराशे बेसजोड्यांनी वर सरकलेला दिसतो. संपूर्ण जीनोमच्या छोट्या वाचनांत मात्र हाच आयएस डोकेदुखी. वाचन १५० अक्षरांचं, आयएस हजाराचा, आणि त्याच्या प्रती दहा ठिकाणी. जुळणी करणारा प्रोग्रॅम प्रत्येक आयएसशी तुटतो, एमजीआरबी दोन कॉन्टिगच्या (जुळवलेल्या सलग तुकड्यांच्या) कडांवर अर्धं-अर्धं पडतं, आणि अहवालात येतं ‘जनुक आढळलं नाही’. जनुक आहे, फक्त दुभंगलेलं आहे. कॉन्टिगच्या कडेची शेवटची काही अक्षरं आयएसफाइंडर या तूलूझच्या डेटाबेसमध्ये टाकून बघा, किंवा लांब वाचनं करा.

ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूमध्ये उलटा प्रकार. तिथं आयएसएबीए१ हा आयएस जनुक मोडत नाही, त्याच्या अलीकडे बसतो. ऑक्सा-५१ हे कार्बापेनेम गटाची प्रतिजैविकं मोडणारं जनुक या जातीत मुळातच असतं, पण झोपलेलं. आयएसएबीए१च्या टोकाला बाहेर तोंड केलेला जोरकस प्रमोटर आहे, तो जनुकाला जागं करतो. त्यामुळे नुसतं ऑक्सा-५१ सापडलं यावरून रोधकता ठरत नाही. एक प्रायमर आयएसमधला आणि दुसरा जनुकातला घेऊन पट्टा येतो का, ते बघावं लागतं. पट्टा आला म्हणजे आयएस नेमका जनुकाच्या डोक्याशी बसला आहे.

एनडीएम-१ (एनडी म्हणजे न्यू डेल्ही) या कार्बापेनेम मोडणाऱ्या जनुकाच्या अलीकडेही असाच पाहुणा आहे, आयएसएबीए१२५. त्या जनुकाच्या प्रमोटरचा उणे ३५ चा भाग (आरएनए सुरू होतो त्याच्या ३५ अक्षरं अलीकडचा) आयएसच्या टोकातून येतो, उणे १० चा शेजारच्या क्रमातून. नवी दिल्लीच्या नावावरून २०१० साली आपल्याकडे मोठा वाद झाला, तो नावाचा होता. जनुकाच्या प्रवासाची खूण नावापेक्षा त्याच्या शेजारच्या आयएसमध्ये जास्त सापडते. अशा जनुकाच्या दोन्ही बाजूंचे क्रम वाचताना आगमनाची पावती शोधावी. सारखी अक्षरं दोन्हीकडे असतील तर संपूर्ण तुकडा एकाच वेळी तिथं येऊन बसला. नसतील तर एक टोक नंतर दुसऱ्या कशानं तरी तोडलं किंवा बदललं आहे, आणि अशा जागी बऱ्याचदा आयएस२६ सापडतो, अवघ्या ८२० बेसजोड्यांचा. त्याच्या दोन प्रती कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते आधी टिपून घ्या. एकाच दिशेला असतील तर मधला भाग एका प्रतीसह गोल होऊन निघून जाऊ शकतो, आणि मग पुढच्या कल्चरमध्ये तेच जनुक सापडत नाही.